ओळखीची पत आणि संकेतस्थळे : लघुव्यावसायिकांच्या ग्राहकशोधाचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

लहान व्यवसायाचा इतिहास हा पुष्कळ अंशी ओळखीचा इतिहास असतो. मोठ्या कारखान्याला जाहिरातीसाठी स्वतंत्र तरतूद करता येते. याउलट करसल्लागार, वास्तुविशारद, मुद्रक, भाषांतरकार किंवा यंत्रांचे सुटे भाग तयार करणारा उद्योजक यांना पहिला ग्राहक बहुधा कोणाच्या तरी शब्दावर मिळतो. हा शब्द कोणी द्यायचा, तो खोटा ठरल्यास नुकसान कोणी सोसायचे आणि जमलेल्या ओळखींची वही कोणाच्या ताब्यात राहायची, या प्रश्नांची उत्तरे काळानुसार बदलत गेली आहेत. २००० नंतरच्या दशकात उदयास आलेल्या व्यावसायिक संपर्क संकेतस्थळांकडे सामान्यतः तंत्रज्ञानाची एक नवी देणगी म्हणून पाहिले जाते. प्रस्तुत लेखात त्यांचा विचार या जुन्या व्यवहाराच्या संदर्भात केला असून, ही संकेतस्थळे लघुव्यावसायिकासाठी मुळात कितपत होती, हे तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

शिफारशीची जुनी व्यवस्था

भारतीय व्यापारात ‘पत’ हा शब्द पैशाआधी माणसाला लागू होतो. शाहजोग हुंडीचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. या हुंडीची रक्कम कोणाही धारकाला मिळत नसे. ती बाजारात प्रतिष्ठा असलेल्या ‘शाहा’च्या हातीच दिली जाई. हुंडी बनावट किंवा चोरीची निघाल्यास रक्कम परत करण्याची जबाबदारी त्या शाहावर येई. म्हणजेच अनोळखी माणसाचा व्यवहार पार पाडून देणारा मध्यस्थ स्वतःची पत पणाला लावत असे. शिफारशीला किंमत होती, कारण ती चुकल्यास शिफारस करणाऱ्याला भुर्दंड पडत होता.

मात्र ही व्यवस्था जात, कूळ आणि पेढी यांच्या चौकटीत चाले. चौकटीबाहेरच्या माणसाने काय करावे, या प्रश्नाचे एक उत्तर अमेरिकेतील शिकागो शहरात मिळाले. लहान गावातून आलेल्या पॉल हॅरिस या वकिलाने २३ फेब्रुवारी १९०५ रोजी तिघांना एकत्र केले : एक खाण अभियंता, एक कोळशाचा व्यापारी आणि एक शिंपी. सभा आळीपाळीने एकमेकांच्या कचेरीत भरत, म्हणून नाव ‘रोटरी’ पडले. प्रत्येक व्यवसायाचा एकच प्रतिनिधी घेण्याच्या नियमामुळे मेजावर प्रतिस्पर्धी नसे. आरंभीच्या काळात सभासदांनी परस्परांना किती काम मिळवून दिले याची नोंद ठेवण्यासाठी एक पदाधिकारीही नेमलेला होता. आज सेवाभावी संस्था म्हणून परिचित असलेल्या रोटरीचा हा प्रारंभ काहीसा विस्मरणात गेला आहे. १९०६ मध्ये डोनाल्ड कार्टर या पेटंट वकिलाला सभासदत्वासाठी विचारणा झाली असता, केवळ सभासदांचा फायदा पाहणाऱ्या मंडळाला भवितव्य नाही असे मत त्याने मांडले. त्यानंतर नागरी हिताचे उद्दिष्ट स्वीकारण्यात आले आणि हळूहळू परस्पर व्यापाराचा हेतू मागे पडला. परस्पर व्यापाराची ती मूळ कल्पना पुढे १९८५ मध्ये कॅलिफोर्नियात आयव्हन मिस्नर यांनी स्थापन केलेल्या ‘बीएनआय’ने पुन्हा उचलली, तेथेही एका गटात एका व्यवसायाचा एकच सभासद हा नियम कायम राहिला.

महाराष्ट्रात १९३४ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या मराठा चेंबरने उद्योजकांना संघटित स्वरूप दिले. परंतु चेंबरचे कार्य मुख्यतः शासनदरबारी प्रतिनिधित्वाचे होते. मराठी उद्योजकांनी एकमेकांना काम मिळवून द्यावे, असा थेट हेतू असलेला ‘सॅटर्डे क्लब’ माधवराव भिडे यांनी २००० मध्ये सुरू केला. व्यापारी समाजांकडे पिढीजात असलेले ओळखींचे जाळे मराठी उद्योजकाकडे नाही, ही जाणीव अशा प्रयत्नांमागे होती. सॅटर्डे क्लब आणि पुढील संकेतस्थळे एकाच काळातील आहेत, हा योगायोग लक्षणीय आहे.

संकेतस्थळांचा उदय

ओळखीच्या ओळखीतून कोणापर्यंतही पोहोचता येते, या कल्पनेला स्टॅन्ली मिलग्रॅम यांच्या १९६७ मधील प्रयोगाने शास्त्रीय रूप दिले होते. १९७३ मध्ये मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी ‘दुर्बळ संबंधां’चा सिद्धान्त मांडला. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी ५५.६ टक्के व्यक्तींना ती अधूनमधून भेटणाऱ्या आणि २७.८ टक्के व्यक्तींना क्वचित भेटणाऱ्या माणसाकडून समजली होती. नेहमी भेटणाऱ्याकडून कळल्याचे प्रमाण अवघे १६.७ टक्के होते. संकेतस्थळांच्या पुरस्कर्त्यांनी हा सिद्धान्त वारंवार आधाराला घेतला आहे. तथापि ग्रॅनोव्हेटर यांचा अभ्यास नोकरीविषयी होता, ग्राहकाविषयी नव्हता, याकडे दुर्लक्ष होते. रिकाम्या जागेची केवळ माहिती कळणे नोकरी शोधणाऱ्याला पुरेसे असते. ग्राहकाला माहितीपेक्षा भरवसा हवा असतो, आणि तो दूरच्या ओळखीतून सहजी मिळत नाही.

१९९७ मध्ये अँड्र्यू वाइनराइक यांनी ‘सिक्सडिग्रीज’ सुरू केले. ते २००० अखेरपर्यंत बंद पडले. त्याचे पेटंट २००३ मध्ये रीड हॉफमन आणि मार्क पिंकस यांनी ७ लाख डॉलरना विकत घेतले. दरम्यान २००१ मध्ये एड्रियन स्कॉट यांचे ‘रायझ’ हे खास व्यावसायिकांसाठीचे स्थळ आले. हॉफमन आणि सहकाऱ्यांचे ‘लिंक्डइन’ ५ मे २००३ रोजी खुले झाले. त्याच वर्षी जर्मनीतील हॅम्बुर्ग येथे लार्स हिनरिक्स यांनी ‘ओपनबीसी’ स्थापन केले. २००६ पासून ते ‘झिंग’ या नावाने ओळखले जाऊ लागले. फ्रान्समध्ये २००४ मध्ये आरंभ झालेल्या ‘व्हिआडेओ’ने २००९ मध्ये ‘अपनासर्कल’ हे भारतीय संकेतस्थळ विकत घेतले.

आरंभीच्या लिंक्डइनची रचना शाहजोग हुंडीची आठवण करून देणारी होती. अनोळखी व्यक्तीशी बोलायचे तर दोघांना ओळखणाऱ्या मध्यस्थामार्फत विनंती पाठवावी लागे. ती पुढे धाडायची की अडवायची, हे मध्यस्थ ठरवी. लहान व्यावसायिकासाठी ही बाब मोलाची होती, कारण पुढे आलेली विनंती म्हणजे एका परिचिताने दिलेला शब्दच असे.

मध्यस्थाचे अवमूल्यन

ही रचना टिकली नाही, याचे कारण उत्पन्नाच्या स्रोतांत सापडते. २००५ पासून शुल्क भरणाऱ्या सभासदाला मध्यस्थाविना थेट संदेश पाठविता येऊ लागला. २०११ मध्ये, कंपनीचे समभाग बाजारात आले त्या वर्षी, तिचे सुमारे निम्मे उत्पन्न नोकरभरतीच्या सेवांतून येत होते. जाहिरात व विपणनाचा वाटा सुमारे ३० टक्के आणि वर्गणीचा सुमारे २० टक्के होता. संकेतस्थळाचा खरा ग्राहक मनुष्यबळ विभाग होता. लघुव्यावसायिक तेथे वावरत होता, पण बांधणी त्याच्यासाठी झालेली नव्हती. स्वतंत्र व्यावसायिकांना कामे मिळवून देणारी ‘प्रोफाइंडर’ ही सेवा प्रायोगिक स्वरूपात आली ती २०१५ मध्ये, म्हणजे स्थापनेनंतर तब्बल बारा वर्षांनी. २०२१ मध्ये तिची जागा दुसऱ्या सेवेने घेतली.

सप्टेंबर २०१२ मध्ये एका कळीच्या दाबाने दुसऱ्याच्या कौशल्याला अनुमोदन देण्याची सोय झाली. ज्याचे काम कधी पाहिलेही नाही, अशा माणसाला अनुमोदन देणे शक्य झाले आणि चुकीच्या अनुमोदनाचा कोणताही भुर्दंड उरला नाही. शाहाच्या जबाबदारीशी तुलना करता हे शिफारशीचे जवळजवळ पूर्ण अवमूल्यन होय. २०१४ पासून सर्व सभासदांना लेख प्रकाशित करण्याची मुभा मिळाली. त्यानंतर ग्राहक मिळविण्याचा मार्ग परिचयाऐवजी सातत्यपूर्ण लेखनातून जाऊ लागला. उत्तम लिहिणाऱ्या सल्लागाराला याचा निश्चित लाभ झाला. उत्तम काम करणाऱ्या, पण लेखणी न चालणाऱ्या कारागिराला तो झाला असे म्हणता येत नाही. भाषेचाही अडसर होताच. या स्थळाची हिंदी आवृत्ती डिसेंबर २०२१ मध्ये आणि मराठी २०२४ मध्ये आली.

सभासदाचे नाव वापरून त्याच्या परिचितांना वारंवार स्मरणपत्रे पाठविल्याच्या आरोपावरून अमेरिकेत सामूहिक दावाही दाखल झाला. कंपनीने आरोप मान्य न करता २०१५ मध्ये १ कोटी ३० लाख डॉलरची तडजोड स्वीकारली. या दाव्याचा गाभा व्यापाऱ्याला परका वाटणार नाही : एखाद्याच्या नावाने दुसऱ्याने शब्द टाकला होता.

वही कोणाची?

पेढीची वही पेढीत राही आणि रोटरीच्या मेजावरील ओळख मंडळ सोडले तरी टिके. संकेतस्थळावरील ओळखींचे तसे नाही. व्हिआडेओची कंपनी २०१४ मध्ये पॅरिसच्या शेअर बाजारात उतरली आणि २०१६ मध्ये न्यायालयीन देखरेखीखाली गेली. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने २६.२ अब्ज डॉलर मोजून लिंक्डइन ताब्यात घेतले. जर्मन भाषक प्रदेशात झिंगचे बळ त्याच्या गटांत होते. शहराशहरांतील सभासद पडद्यावरील ओळखीनंतर प्रत्यक्ष भेटीचे कार्यक्रम भरवीत. पुढे नोकरीच्या बाजारावर लक्ष केंद्रित करण्याचे कंपनीने ठरविले आणि जानेवारी २०२३ मध्ये सर्व गट बंद केले. ज्यांनी प्रत्यक्ष भेटीगाठी ठेवल्या होत्या, त्यांची ओळख उरली.

लिंक्डइनवरील सभासदाला आपल्या संपर्कांची यादी उतरवून घेता येते. मात्र नोव्हेंबर २०१८ मध्ये गोपनीयतेच्या कारणास्तव नियम बदलला. तेव्हापासून त्या यादीत नाव, संस्था आणि हुद्दा मिळतो. समोरच्या व्यक्तीने स्वतःहून परवानगी दिली नसल्यास ई-मेल पत्त्याचा रकाना रिकामा राहतो.