ययातीची उलटी कथा

हुपरीचा एक मुलगा आमच्या महाविद्यालयात शिकत होता. हुपरी म्हणजे चांदीचे गाव; त्याच्या घरीही पैंजण घडवण्याचेच काम चाले. आईचे मूत्रपिंड त्याला बसवून तीन वर्षे झाली होती. वार्षिक क्रीडास्पर्धेसाठी त्याने १५०० मीटर धावण्यात नाव दिले. क्रीडासमितीवर मराठी विभागाचे आम्ही दोघे होतो, आणि आम्ही ते नाव खोडले. कारण अर्थातच काळजीचे सांगितले. तो विभागात आला, दाराशीच उभा राहिला आणि म्हणाला, "सर, आईनं किडनी दिलीया ती काय नुसतं बसून ऱ्हायला व्हय?"

या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते. ते शोधताना जो इतिहास हाती लागला तो इथे मांडतो आहोत.

अवयवरोपणाचा इतिहास आपण सहसा शल्यगृहाचा इतिहास म्हणून वाचतो. २३ डिसेंबर १९५४ रोजी बोस्टनमध्ये डॉ. जोसेफ मरे यांनी एका भावाचे मूत्रपिंड त्याच्या जुळ्या भावाला बसवले. ते टिकले, कारण भाऊ एकसारखे जुळे होते आणि शरीराला आलेला अवयव परका वाटला नाही. हुपरीचे कारागीर चांदी जोडायला जो डाख वापरतात त्यातही चांदी मिसळलेली असते. शरीराचा न्याय याहून कडक. आईचा अवयवही लेकराच्या शरीराला परकाच वाटतो. म्हणून प्रतिकारशक्तीला आवर घालणारी औषधे लागतात, आणि अवयव काम करतो आहे तोवर ती रोज घ्यावी लागतात.

पुढच्या तारखा परिचित आहेत. ३ डिसेंबर १९६७ रोजी केपटाऊनला डॉ. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी मानवी हृदयाचे रोपण केले. रुग्ण १८ दिवस जगला. फेब्रुवारी १९६८ मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी तेच धाडस केले. रुग्ण काही तासांतच गेला. १९७१ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात मूत्रपिंडरोपण यशस्वी झाले. अवयवदानाचा केंद्रीय कायदा १९९४ चा. या सगळ्या काळात विचारण्याजोगा प्रश्न एकच होता : माणूस जगला का?

तो बदलणारी घटना शल्यगृहाबाहेर घडली. १९७८ मध्ये इंग्लंडमधील पोर्टस्मथ येथे डॉ. मॉरिस स्लापाक या शल्यविशारदाने रोपण झालेल्या माणसांच्या क्रीडास्पर्धा भरवल्या. पाच देशांतले सुमारे शंभर स्पर्धक आले. जागतिक रोपण क्रीडास्पर्धांचा हा आरंभ. सायक्लोस्पोरिन या औषधाने रोपणाचे यश पुढे कितीतरी वाढवले. पण केंब्रिजमध्ये त्याचे रुग्णांवरील पहिले प्रयोग नेमके त्याच वर्षी सुरू होत होते. म्हणजे पोर्टस्मथला धावलेली माणसे जुन्याच औषधांवर, भरवसा कमी असतानाच धावली. आधी खात्री आणि मग धाव, असा हा क्रम नव्हता. आमची समिती मात्र खात्रीची वाट पाहत बसली होती.

पुढे अशा खेळाडूंनी सर्वसाधारण स्पर्धांतही पाऊल टाकले. अमेरिकेच्या ख्रिस क्लग याला २००० मध्ये तेरा वर्षांच्या एका मृत मुलाचे यकृत बसवले गेले; २००२ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये त्याने स्नोबोर्डिंगचे कांस्यपदक मिळवले. एरिक कॉम्प्टनला बाराव्या वर्षी, १९९२ मध्ये, पहिले आणि २००८ मध्ये दुसरे हृदय मिळाले. २०१४ च्या यू. एस. ओपन गोल्फमध्ये तो संयुक्त दुसरा आला. रोपण करताना हृदयाच्या नसा तुटलेल्या असतात. त्यामुळे धाव सुरू झाली तरी ठोके लगेच वाढत नाहीत. रक्तातून येणाऱ्या संप्रेरकांची वाट पाहावी लागते. असा खेळाडू अंग तापवायला अधिक वेळ घेतो आणि थांबतानाही हळूहळू थांबतो.

काळजीला आधार नाही असे नव्हे. मूत्रपिंड मूळ जागी न बसवता ओटीपोटात बसवतात. तिथे बरगड्यांचे कवच नसते. म्हणून धक्क्याचे खेळ टाळायला सांगतात. खासबागेच्या मातीचा अभिमान बाळगणाऱ्या आमच्या जिल्ह्यात कुस्ती वर्ज्य होणे ही लहान गोष्ट नव्हे. न्यूझीलंडचा जोना लोमू २००४ च्या रोपणानंतर रग्बीसारख्या खेळात परतला. पण २०११ मध्ये ते मूत्रपिंड निकामी झाले आणि २०१५ मध्ये तो गेला. रोपण म्हणजे अमरत्व नव्हे. परंतु धावणे, पोहणे, बॅडमिंटन यांची वाट मोकळी असते. अवयवाचे कार्य स्थिर असावे आणि डॉक्टरांची संमती असावी, एवढीच अट. आम्ही ती संमती मागितलीच नव्हती. न विचारताच नाव खोडले होते.

इथे आम्हांला वर्गात शिकवत असलेल्या कथेकडे परतावे लागते. कोल्हापुरात राहिलेल्या वि. स. खांडेकरांची 'ययाति' १९५९ ची. महाभारतातल्या त्या कथेत म्हातारा बाप मुलाचे तारुण्य मागतो आणि पुरू ते देतो. रोपणाच्या इतिहासात ही कथा अनेकदा उलटी घडलेली दिसते. क्रोएशियाचा फुटबॉलपटू इव्हान क्लासनिच याला २००७ मध्ये आईने मूत्रपिंड दिले. शरीराने ते नाकारले. मग वडिलांनी दिले. २००८ च्या युरोपीय स्पर्धेत पोलंडविरुद्धचा एकमेव गोल त्याचा होता. इथे आईबाप देतात आणि मुलगा धावतो. ययातीने घेतलेले तारुण्य उपभोगात गेले. या मुलांच्या धावेला उपभोग म्हणता येत नाही. मिळालेले वाया गेले नाही, असे देणाऱ्याला सांगण्याची ती एक रीत आहे.

पुरूची कथाही नव्याने घडते. भोपाळच्या अंकिता श्रीवास्तव हिने आईला यकृताचा भाग दिला आणि २०१९ मध्ये न्यूकॅसलच्या जागतिक स्पर्धेत दाती म्हणून उतरून पदके जिंकली. यकृत पुन्हा वाढते. या पुरूला म्हातारपण घ्यावे लागले नाही.

पण आणखी एक गोष्ट मनात सलत राहते. आपल्या देशात जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत बहुसंख्य स्त्रिया आहेत आणि घेणाऱ्यांत पुरुष अधिक. पुरू हा शर्मिष्ठेचा मुलगा. त्याच्या त्यागावर आम्ही वर्षानुवर्षे प्रश्न काढले. तो त्याग पाहणाऱ्या आईला काय वाटले असेल, हे उत्तरपत्रिकेत क्वचितच विचारले. खांडेकरांनी निदान ययाती आणि देवयानीबरोबर शर्मिष्ठेलाही स्वतःच्या तोंडून बोलू दिले आहे.

पुढच्या वर्षी डॉक्टरांचे पत्र घेऊन त्या मुलाचे नाव आम्हीच यादीत लिहिले. तो सहावा आला. त्याची आई मैदानाच्या कडेला डोक्यावर पदर घेऊन उभी होती. शर्यत संपल्यावर आम्ही तिच्याजवळ गेलो आणि काहीतरी बोलायचे म्हणून तिच्या त्यागाविषयी बोललो. तिने ते अर्धेच ऐकून घेतले. "पुढच्या वर्षी पाचवा येऊ दे," ती म्हणाली, आणि मुलाच्या हातात पाण्याची बाटली दिली.