घरच्यांना न मिळालेली गाडी

माझ्या लिहिण्याच्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून एक लाल मोटार ठेवलेली असते. अर्ध्या वितीएवढी, ओतीव धातूची, मागच्या एका चाकाचे रबर केव्हाच गेलेले. १९६० साली आमचे बाळूमामा बोटीवरच्या नोकरीतून सुट्टीवर पुण्याला आले, तेव्हा त्यांनी ती मला लिव्हरपूलहून आणली होती. ‘डिंकी’ नावाची ही खेळणी त्याच शहरात तयार होत. गाडी उलटी केली की पोटावर उठावाच्या अक्षरांत तिचे नाव लागे : जॅग्वार एक्सके १२०. मी तेव्हा आठ वर्षांचा होतो आणि इंग्रजी अक्षरे नुकतीच ओळखू लागलो होतो.

“ही खरी गाडी तिकडच्या माणसालासुद्धा मिळत नसे, बरं का,” मामा म्हणाले. “कारखाना त्यांचा, पण गाडी जायची अमेरिकेला.”

मला हे काही पटले नाही. विलायती वस्तू विलायतेत मिळते आणि इथे मिळत नाही, एवढेच अर्थशास्त्र आम्हा वाड्यातल्या मुलांना ठाऊक होते. मामा थापा मारतात असा त्यांचा लौकिक होताच. पुढे पुष्कळ वर्षांनी जुने अंक आणि पुस्तके चाळताना कळले की निदान या एका बाबतीत मामा खरे बोलले होते. त्याचीच ही हकीकत.

तिची सुरुवात होते ती कोव्हेंट्री शहरात, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन विमानांनी हे शहर भाजून काढले होते. त्यानंतर कारखान्याकारखान्यांतून रात्री आगीची राखण करण्याचे काम आले. बाँब पडला तर धावायचे, न पडला तर जागत बसायचे. विल्यम लायन्स नावाच्या कारखानदाराने यातून एक युक्ती काढली. हेन्स, हॅसन आणि बेली हे आपले इंजिनिअर त्याने आपल्याबरोबर एकाच पाळीला लावून घेतले, आणि या जागरणात त्यांनी युद्धानंतरच्या इंजिनाचा विचार सुरू केला. त्या काळी शर्यतीच्या गाड्यांतच असणारी, माथ्यावर दोन कॅमशाफ्टची रचना त्यांना रोजच्या वापराच्या गाडीत आणायची होती. आपल्याकडे कोजागरीला दूध आटवतात, तसे या मंडळींनी इंजिन आटवले म्हणायचे. ते इतके जमून आले की थोड्याफार फेरफारांनिशी १९९२ सालापर्यंत ते बनत होते.

लायन्सने १९२२ साली ब्लॅकपूलला मोटारसायकलींच्या साइडकार बनवून धंदा सुरू केला होता. पुढे त्याच्या मोटारी ‘एसएस’ या नावाने विकल्या जात. हिटलरच्या एसएसने जगभर जे काही करून ठेवले, त्यानंतर ती दोन अक्षरे कोणाला गाडीवर नको होती. १९४५ साली कंपनीचे नाव जॅग्वार झाले.

आता नवे इंजिन तयार होते, पण ज्या मोठ्या घरगुती गाडीसाठी ते केले होते तिचे धूड काही तयार होत नव्हते. पोलादी पत्रा दाबून आकार देणारे साचे करायला काळ लागतो आणि पैसा त्याहून जास्त. इकडे १९४८ चे मोटारप्रदर्शन तोंडावर आलेले. तेव्हा लायन्सने ठरवले की इंजिन आधी एका छोट्या, दोन माणसांच्या स्पोर्ट्स गाडीत घालून लोकांसमोर ठेवावे. लोक तपासतील, आपल्यालाही दोष कळतील. हा गृहस्थ कागदावर चित्र काढीत नसे. कारागिरांकडून पत्र्याचा पूर्ण आकाराचा नमुना करून घ्यायचा, दुरून बघायचा, “इथे थोडे आत घ्या, तिथे थोडे बाहेर” असे सांगायचे, ही त्याची पद्धत. असे करत त्याने या गाडीचे रूप दोन आठवड्यांच्या आत ठरवले म्हणतात. गाड्या काढायच्या होत्या अवघ्या दोनशे. त्यामुळे साच्यांच्या भानगडीत न पडता अॅश लाकडाचा सांगाडा आणि त्यावर हाताने ठोकून बसवलेला अॅल्युमिनियमचा पत्रा, असे बांधकाम ठरले. पुढे जे रामायण घडले त्याचे मूळ या ‘दोनशे’त आहे.

२७ ऑक्टोबर १९४८ ला लंडनमध्ये अर्ल्स कोर्टचे प्रदर्शन उघडले. आपल्याकडे त्याच आठवड्यात दिवाळी होती. इंग्लंडात मोटारींचे प्रदर्शन १९३८ नंतर भरलेच नव्हते, त्यामुळे पाच लाखांहून अधिक माणसे लोटली. हे लोक कोण होते हे ध्यानात घ्यायला हवे. युद्ध जिंकलेले, पण पाव रेशनवर असलेला जुलै महिना नुकताच संपलेला. मांस रेशनवर होते, ते १९५४ पर्यंत राहिले. मुलांच्या गोळ्या-चॉकलेटेसुद्धा रेशनवर. खाजगी मोटारवाल्यांचे पेट्रोल १९४७ च्या शरदात पूर्ण बंद झाले होते, ते जून १९४८ पासून पुन्हा मिळू लागले, तेही महिन्याला सुमारे नव्वद मैल जाता येईल इतकेच. आणि अशा माणसांसमोर लायन्सने ताशी एकशेवीस मैल धावणारी गाडी उभी केली! नावातला १२० चा आकडा त्याच वेगाचा. मी हिशेब करून पाहिला : त्या वेगाने पाऊण तासात महिन्याची मुदत संपली असती.

किंमतही चाणाक्षपणे लावलेली होती, हजार पौंडांना अगदी थोडी कमी. ज्या मोटारींची मूळ किंमत हजारावर जाई, त्यांवरचा खरेदीकर दुप्पट होई. अशी गाडी या पैशांत? लोक थक्क झाले, आणि मग संशय घेऊ लागले. मागणीचा मात्र पूर आला. दोनशेंचा आकडा पहिल्याच झपाट्यात हास्यास्पद ठरला.

येथून प्रतीक्षा सुरू होते. कंपनीच्या हाती प्रत्यक्षात होते काय? प्रदर्शनातली एक गाडी आणि ठोकून पत्रा बसवणारे कारागीर. इंजिनांचे काम अजून जमायचे होते. महिने उलटू लागले, तशी कुजबुज वाढली. ही गाडी खरोखर आहे का? आणि एकशेवीस मैल जाते कुठे?

अखेर ३० मे १९४९ रोजी लायन्सने पत्रकारांना विमानात घालून बेल्जियमला नेले. याब्बेके गावाजवळ ओस्टेंड ते ब्रुसेल्स या नव्या रस्त्याचा एक सरळसोट पट्टा वाहतुकीला बंद करून ठेवला होता. कंपनीचा रॉन सटन नावाचा चालक एक पांढरी एक्सके १२० घेऊन आला. टप आणि काच लावून गाडी ताशी १२६ मैलांवर गेली. मग काच काढली, आणि आकडा आला १३२.६, म्हणजे आपल्या हिशेबाने २१३ किलोमीटर. पण मला आवडते ती यानंतरची गोष्ट. सटन परत फिरला आणि त्याच वरच्या गिअरमध्ये पत्रकारांच्या पुढून गाडी अगदी बैलगाडीसारखी हळूहळू नेली. धावून दाखवणे कठीणच, पण त्याच इंजिनाला न कुरकुरता रांगायला लावणे हे जाणकारांना त्याहून भारी वाटले. ऑगस्टात सिल्व्हरस्टोनच्या शर्यतीत तीन एक्सके १२० उतरल्या. सयामचे राजपुत्र बिरा यांच्या गाडीचे टायर फुटले, तरी पहिला आणि दुसरा क्रमांक या गाड्यांचाच आला. लेस्ली जॉन्सन पहिला. शंका घेणाऱ्यांची तोंडे बंद झाली.

आता गाडी होती, ती धावतही होती, आणि तरीही इंग्लंडातल्या माणसाला ती मिळत नव्हती. का, याचे उत्तर ज्या माणसापाशी होते त्याला आपण चांगले ओळखतो. १९४२ साली आपल्याकडे शिष्टाई घेऊन आलेले आणि रिकाम्या हाताने परत गेलेले सर स्टॅफर्ड क्रिप्स! युद्धानंतर ते प्रथम व्यापारमंत्री आणि १९४७ पासून अर्थमंत्री झाले. स्वतः शाकाहारी, दारूला न शिवणारे. १९४५ साली मोटार-कारखानदारांच्या मेजवानीत त्यांनी सांगितले की निम्म्या तरी गाड्या परदेशी विकल्या पाहिजेत. श्रोत्यांतून “नाही, नाही” असा ओरडा झाला. तेव्हा क्रिप्सनी त्यांना विचारले की देश मोटारधंद्याला पोसण्यासाठी आहे, की मोटारधंदा देशाला पोसण्यासाठी, याविषयी तुमचे मत तरी काय आहे? जेवणाच्या ताटावर असा प्रश्न कानी येणे काही सुखाचे नाही. पण युद्धाने इंग्लंडची तिजोरी रिती झाली होती, अन्नधान्य आणि कच्चा माल डॉलर मोजून आणायचा होता, आणि डॉलर आणू शकतील अशा वस्तू हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. म्हणून सरकारने साधा दंडक घातला : जो परदेशी विकेल त्याला पोलाद. निर्यात नाही तर पत्रा नाही.

त्यामुळे पहिल्या सुमारे अडीचशे अॅल्युमिनियमच्या गाड्यांपैकी तीन-चतुर्थांश गाड्यांचे चाक डाव्या हाताला होते, म्हणजे त्या परदेशाकरताच बांधलेल्या. सिनेमातला क्लार्क गेबल याला पहिल्या काही गाड्यांपैकी एक मिळाली. १८ सप्टेंबर १९४९ ला क्रिप्सनी पौंडाची किंमत ४.०३ डॉलरवरून २.८० डॉलरवर आणली. पौंडाच्या पाठोपाठ आपला रुपयाही उतरला, तो याच वेळी. या एका घोषणेने अमेरिकनाला ही गाडी आणखी स्वस्त झाली आणि कोव्हेंट्रीतल्या माणसापासून आणखी एक पाऊल लांब गेली. ज्या फिटरने ती जोडली, तो ती रेल्वेने बंदराकडे जाताना बघत असणार.

कंपनीनेही मग पोलादाचे साचे केले आणि १९५० पासून पोलादी पत्र्याच्या गाड्या निघू लागल्या. १९५४ पर्यंत बारा हजारांवर एक्सके १२० तयार झाल्या. त्यांतल्या बहुसंख्य समुद्रापार गेल्या. २६ मे १९५० ला पेट्रोलचे रेशन उठले खरे, पण रांगा उठल्या नाहीत. एक गंमत सांगतो. त्या दिवसांत इंग्लंडात नव्या मोटारीपेक्षा जुनी मोटार महाग असे, कारण जुनी आज मिळे आणि नवी केव्हा मिळेल हे कोणी सांगत नसे. म्हणून ज्याचा नंबर लागे त्याच्याकडून, ठराविक मुदतीच्या आत गाडी विकणार नाही, असा करार लिहून घेत. सभ्य, टोपी उचलून नमस्कार करणारी इंग्रज माणसे. आणि त्यांच्याकडून हे लिहून घ्यावे लागे!

हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवले आणि मला आमचे अण्णा आठवले.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणत असू. १९६४ साली त्यांनी स्कूटरसाठी नाव नोंदवले. कंपनीचे नाव सांगत नाही. परवान्यात जितक्या लिहिल्या असतील तितक्याच स्कूटरी काढायच्या, परदेशी चलन सरकार देईल तितकेच, असा तो जमाना. नोंदणीची पावती आईच्या दागिन्यांच्या डब्यात असे. दर पाडव्याला अण्णा ती काढून बघत, घडी तशीच घालून पुन्हा ठेवत आणि सायकलवरून कचेरीत जात. या काळात मी शाळा संपवून कॉलेजात गेलो आणि ताई शिक्षिका झाली. १९७२ साली, दुष्काळाच्या त्या वर्षी, एक दिवस कार्ड आले : आपला क्रमांक लागला आहे, पैसे भरून गाडी घेऊन जावी.

त्याच महिन्यात ताईचे लग्न ठरले होते.

निळी स्कूटर वाड्याच्या चौकात येऊन उभी राहिली. बिऱ्हाडेच्या बिऱ्हाडे बघायला जमली. आईने तिला कुंकू लावले, नारळ फोडला. अण्णांनी ताईला मागे बसवून पेठेतून एक फेरी मारली, आणि पुलापर्यंत न जाता परत आले. मी विचारले तर म्हणाले, “पेट्रोल कशाला जाळायचं?” तिसऱ्या दिवशी एक व्यापारी आले. कागदावरच्या किमतीवर आणखी दीड हजार ‘ऑन’ द्यायला ते तयार होते. अण्णांनी चहा मागवला, नोटा दोनदा मोजल्या आणि किल्ली त्यांच्या हातात दिली. आठ वर्षे थांबून मिळालेली गाडी अशी विकली म्हणून मी त्या दिवशी अण्णांशी बोललो नाही. वीस वर्षांचा होतो. क्रिप्सविषयी काही वाचलेले नव्हते.

ती लाल डिंकी मात्र त्या वेळीही माझ्या फडताळात होती. त्या संध्याकाळी ती मी खिडकीच्या फळीवर पुढेमागे ढकलत बसलो होतो, आणि खाली चौकात आई राख आणि नारळाची शेंडी घेऊन बसली होती. शहाबादी फरशीवर, स्कूटर उभी होती तिथे, तेलाचा रुपयाएवढा डाग पडला होता. ती घासायला लागली तसे अण्णा ओट्यावरून म्हणाले, “आजचा दिवस राहू दे तो.”