सुकटीच्या बाजारातून शनवार तेल्यांकडे

दिवाळी सरते न सरते तोच आमच्या साजगावात बोंबल्या विठोबाची जत्रा भरते. कार्तिकी एकादशीला देवाचे दर्शन घ्यायचे आणि वर्षाचा सुका बाजार करून घरी परतायचे, ही खालापूर-कर्जतकडची जुनी रीत. उपवासाच्या दिवशी विठोबाच्या दारात बोंबलांचे ढीग लागतात, याचे बाहेरच्यांना नवल वाटते. आम्हाला कधी वाटले नाही. अशाच एका जत्रेत सुकटीचा वाटा घेताना आजी सहज म्हणाली होती, “शनवार तेली हे घेत नसत. खवले नसले की त्यांना चालत नाही.” शनवार तेली कोण, हे तिला विचारायचे राहून गेले. पुढे वाचू लागलो, तेव्हा तिच्या त्या वाक्यात एका समाजाचा अर्धा इतिहास असल्याचे लक्षात आले.

शनवार तेली म्हणजे कोकणातले बेने इस्राएल. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, त्यांचा हा वंश, अशी त्यांची परंपरागत कथा. पोथ्या समुद्रात गेल्या, भाषा विसरली. उरले ते थोडके: आठव्या दिवशीची सुंता, शनिवारचा विसावा, ‘शमा’ प्रार्थनेचे शब्द आणि खाण्याचे नियम. दावीद राहाबी नावाचा यहुदी त्यांच्यात आला तो नक्की कोणत्या शतकात, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. पण त्याने घेतलेली परीक्षा सर्वांच्या तोंडी आहे. त्याने घरातल्या बायकांना मिसळीची मासळी रांधायला दिली. त्यांनी पर आणि खवले असलेले मासे तेवढे निवडले, बाकीचे बाजूला सारले. राहाबीची खात्री पटली. पोथी हरवलेल्या समाजाची ओळख चुलीपाशी शाबूत होती, आणि ती बायकांच्या हातात होती. सुकट, सोडे, वाकट्या यांपैकी काहीही त्या निवडीत टिकले नसते.

पण घरच्यांच्या आठवणीइतकेच शेजाऱ्यांनी दिलेले नावही मला महत्त्वाचे वाटते. सोमवारी घाणा बंद ठेवणारे ते सोमवार तेली, शनिवारी बंद ठेवणारे ते शनवार तेली. गावगाड्याने त्यांना धर्म विचारला नाही; एक धंदा दिला, एक वार दिला आणि जातींच्या उतरंडीत एक जागा दिली. पेणकर, रोहेकर, दिवेकर, किहीमकर, अष्टमकर ही आडनावेही गावांवरूनच आली. वेगळे राहायला जी चौकट लागते ती जातीनेच पुरवली.

रोमन अमलाखालच्या फिनिशियनांबद्दल वाचताना मला हे आठवत राहते. आफ्रिकेतल्या लेप्तिस या त्यांच्या नगरात इसवी सनापूर्वी ८ मध्ये आन्नोबाल रूफस नावाच्या धनिकाने बाजार बांधला. त्याचे लेख लॅटिनमध्येही आहेत आणि प्यूनिकमध्येही. नावाचा पहिला भाग बापजाद्यांचा, दुसरा रोमन. पुढे चारशे वर्षांनी संत ऑगस्टीन लिहितो की तिथल्या खेडुतांना ‘तुम्ही कोण’ असे विचारले तर ते प्यूनिकमध्ये ‘कनानी’ असे उत्तर देतात.

आमच्याकडचा आन्नोबाल म्हणजे सामाजी हसाजी दिवेकर, अर्थात सॅम्युएल इझिकेल. कंपनीच्या फौजेतला हा अंमलदार टिपूच्या कैदेत पडला, सुटला आणि १७९६ मध्ये त्याने मुंबईत ‘शार हारहमीम’, म्हणजे दयेचे द्वार, हे प्रार्थनामंदिर उभारले. लोक त्याला ‘मशीद’च म्हणत. तिथून पलटणीत, कचेरीत, शाळेत माणसे गेली. घाणे मागे पडले. १८३२ मध्ये जॉन विल्सन या मिशनऱ्याने मराठीतून हिब्रूचे व्याकरण छापले. हेतू धर्मांतराचा होता, पण घडले उलटे: हिब्रू कळू लागल्यावर हा समाज अधिकच यहुदी झाला. रेवदंडा, पनवेल, पेण, अलिबाग येथे प्रार्थनामंदिरे उभी राहिली ती त्याच शतकात. सामाजीचे नातू सॅम्युएल झाले. म्हणजे परकीय राज्यात मूळ ओळख पुसली जाते, हा आपला ठोकताळा इथे लागू पडत नाही. शिवाय ती ओळख मराठीतूनच सावरली गेली. १८८० पासून मुंबईत बायबलातल्या कथांवर त्यांची कीर्तने होऊ लागली, तीही साकी-दिंडीच्या चालींवर.

या कौतुकात एक गोष्ट झाकून ठेवू नये. गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल असा भेद या समाजातही होता. आई यहुदी नव्हती असे मानले गेलेल्यांच्या वंशाशी गोरे बेटीव्यवहार करत नसत, पंगतही वेगळी. ही शिकवण कुठून आली, ते आपण ओळखू शकतो. जातीने चौकट दिली, तिची किंमतही वसूल केली.

ती किंमत पुढे फार विचित्र रीतीने पुन्हा मोजावी लागली. १९४८ नंतर बहुतेक कुटुंबे इस्राएलला गेली. १९६२ मध्ये तिथल्या धर्मपीठाने आदेश काढला की इतर यहुद्यांशी लग्न ठरले तर बेने इस्राएलांची मातृवंशावळ तपासावी. तुमची आई, आजी, पणजी कोण होत्या? काळ्या इस्राएलांना पिढ्यान्‌पिढ्या विचारला गेलेला प्रश्न आता गोऱ्यांनाही विचारला गेला. कागद कुठून आणणार? राहाबीला मासळीची निवड पुरली होती, धर्मपीठाला ती पुरेना. जेरुसलेमला निदर्शने झाली, धरणी धरली गेली. अखेर १९६४ मध्ये इस्राएलच्या संसदेने त्यांना सर्वार्थाने यहुदी मानावे असे जाहीर केले.

इथे शनिवारमुळे ते वेगळे होते, तिथे मराठीमुळे झाले. तिथून त्यांनी ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक काढले. नवस फेडताना एलियाहू हन्नाबीच्या नावाने मलिद्याचे ताट अजून मांडतात. प्रार्थना हिब्रू, ताटात मात्र नारळ घातलेले गोड पोहे.