कावळा, पेद्दमनिषी, कुर्मा

आमचं सिरोंचा प्राणहितेच्या काठावर, पलीकडे तेलंगणा. 1982 साली गडचिरोली जिल्हा झाला, त्याआधी आम्ही चांदा जिल्ह्यातले. कचेरी मराठी, बाजार तेलुगू.

शेजारच्या तेलुगू घरात पोर न्हाती झाली की बाया म्हणत, 'पेद्दमनिषी अय्यिंदी', म्हणजे मोठं माणूस झाली. मग हळद, नवं लुगडं, गोडधोड, गाणी. आमच्या मराठी घरात 'कावळा शिवला' म्हणून आई मला पडवीत बसवायची. पाण्याच्या माठाला हात लावायचा नाही. अन् भामरागड-एटापल्लीकडच्या माडिया गावांत बाई गावाच्या कडेला कुर्माघरात जायची.

रक्त तेच, पोटातली कळही तीच. पण शेजारची पोर लाजत हसायची, अन् मी अंग चोरून बसायचे. कळ सोसता यायची. ते अंग चोरणं सोसत नसे.

कुर्माघरात तेवढे दिवस घरकाम सुटतं, हेही खरं. पण पावसाळ्यात गळतं छप्पर, सापाची भीती, दवाखाना लांब. नेपाळनं 2017 च्या कायद्यानं अशी प्रथा गुन्हा ठरवली. आपल्याकडे अलीकडे काही गावांत पक्की कुर्माघरं बांधली. छप्पर गळायचं थांबलं. बाईला वेगळं बसवणं काही थांबलं नाही.