गोंडीचे फिनिश सोयरे : एका फसलेल्या तर्काचा इतिहास

प्रस्तावना : गोंडीभाषक घरातून महाविद्यालयात आलेला विद्यार्थी वर्गात 'माझी बहीण आलं' असे म्हणतो आणि हशा पिकतो. या हसणाऱ्यांत एकेकाळी प्रस्तुत लेखकही होता. 'यांना मराठी जमतच नाही' हा आपल्याकडील एक सर्वमान्य शेरा आहे. तथापि या हशाचा माग काढू गेल्यास तो चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातून निघून अनपेक्षितपणे फिनलंडपर्यंत पोहोचतो. या प्रवासाचा थोडक्यात ऊहापोह येथे केला आहे.

कॉल्डवेलचा तर्क : तिरुनेलवेली भागात कार्यरत असलेले मिशनरी रॉबर्ट कॉल्डवेल यांनी १८५६ मध्ये द्राविडी भाषांचे तुलनात्मक व्याकरण प्रसिद्ध केले. तमिळ, तेलुगू, कन्नड अशा संपन्न भाषांच्या पंगतीत त्यांनी गोंडीलाही बसवले. 'रानटी बोली' म्हणून उपेक्षिलेल्या भाषेला मिळालेला हा मोठाच मान होता. मात्र कॉल्डवेल तेथे थांबले नाहीत. द्राविडी भाषांचे दूरचे नाते ज्यांना ते 'सिथियन' म्हणत त्या भाषांशी, आणि त्यांतही विशेषेकरून फिनिश-उग्रियन शाखेशी असावे, असे त्यांनी मांडले. म्हणजे भामरागडचा माडिया आणि हेलसिंकीचा नागरिक हे भाषेने सोयरे ठरले!

आज हा तर्क गमतीचा वाटला तरी तो निराधार कल्पनाविलास नव्हता. दोन्हीकडे शब्दाला प्रत्ययामागून प्रत्यय जोडत जाण्याची रीत आहे. फिनिशमध्ये 'तालो' म्हणजे घर, 'तालोस्सा' म्हणजे घरात आणि 'तालोस्सानी' म्हणजे माझ्या घरात. या रीतीतून होणारे विनोद फिन लोक स्वतःच चवीने सांगतात. 'कूसि पाला' या दोन शब्दांचा अर्थ 'सहा तुकडे' असा होतो, 'सूचिपर्णी झाड जळत आहे' असाही होतो. आणि 'सि' हा 'तुझा' या अर्थाचा प्रत्यय मानला तर 'तुझा चंद्र जळत आहे' असाही होतो. परक्याने फिनिश बोलताना अडखळावे यात नवल ते काय?

त्याहून रोचक गोष्ट नकाराची आहे. फिनिशमध्ये नकार हेच क्रियापद असून ते पुरुषानुसार बदलते : 'एन तुले' म्हणजे मी येत नाही, 'एत तुले' म्हणजे तू येत नाहीस, 'एइवात तुले' म्हणजे ते येत नाहीत. 'तुले' जागचे हलत नाही, चालतो तो नकार. गोंडीत नकार क्रियापदाच्या अंगातच मुरतो. 'मी येत नाही' हे 'वायोन' अशा एकाच पदात सांगता येते. कॉल्डवेलसारख्या अभ्यासकाला अशा नकाराने भुरळ घालावी हे स्वाभाविक होते. पण वाचकांनी वरची फिनिश वाक्ये आणि त्यांचे मराठी अर्थ पुन्हा शेजारी ठेवून पाहावेत. येत नाही, येत नाहीस, येत नाहीत : 'येत' स्थिर आणि 'नाही' चालते. म्हणजे या एका बाबतीत फिनिशशी अधिक जवळचे साम्य गोंडीचे नसून आपल्या मराठीचे आहे. आणि मराठीला कोणी फिनिशची बहीण म्हटलेले नाही.

कॉल्डवेलच्या तर्कातील उणीव येथेच उघड होते. रचनेतील साम्य म्हणजे रक्ताचे नाते नव्हे. प्रत्ययांची साखळी तुर्की आणि जपानी भाषांतही आढळते. उत्तरकालीन भाषाशास्त्राने हे नाते स्वीकारले नाही. परंतु तोवर मॅक्स म्युलर यांच्या १८५४ मधील मांडणीतून 'तुराणी' या नावाचे एक प्रचंड गाठोडे बांधले गेले होते. भाषेचे वर्गीकरण पाहता पाहता वंशाचे झाले आणि 'तुराणी' हा शब्द मागासपणाच्या अर्थाने वापरला जाऊ लागला. व्याकरणातील एक चूक अशी माणसांच्या माथी बसली.

लिंगविचार : आता 'माझी बहीण आलं' या वाक्याकडे वळू. गोंडीत एकवचनी लिंगे दोनच. पुरुषासाठी 'वोर', स्त्री, बैल, झाड, दगड या साऱ्यांसाठी 'अद'. या व्याकरणात वाढलेल्या मुलाने बहिणीला नपुंसकलिंगी क्रियापद लावणे हे अज्ञान नसून शिस्तीचे पालन आहे. फिनिशमध्ये तर लिंगभेदच नाही. 'तो' आणि 'ती' या दोहोंसाठी 'हॅन' हे एकच सर्वनाम, आणि रोजच्या बोलण्यात माणसालाही 'से', म्हणजे 'ते', म्हणतात. कोणी फिन माणूस मराठी शिकू लागला तर तोही याच ठिकाणी घसरेल, आणि आपण त्याच्या प्रयत्नाचे कौतुक करू. शिवाय 'एवढं बाईमाणूस एकटं आलं' असे आपणही म्हणतोच की!

१८६३ : फिनलंडमध्ये त्या काळी स्वीडिश ही कचेरीची आणि विद्वानांची भाषा होती, फिनिश ही बहुतांशी शेतकऱ्यांची. १ ऑगस्ट १८६३ रोजी झार दुसऱ्या अलेक्झांडरने आज्ञापत्र काढून वीस वर्षांच्या आत फिनिशला स्वीडिशच्या बरोबरीचे स्थान देण्याचे ठरवले. त्यानंतर महिन्याहून थोड्या अधिक काळाने, ४ सप्टेंबर १८६३ रोजी, नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप पाण्यात बुडून मरण पावले. त्यांच्या कागदपत्रांत गोंडी शब्दसंग्रह होता आणि लिंगोची प्रदीर्घ गीतकथाही होती. रिचर्ड टेंपल यांनी ती सामग्री १८६६ मध्ये छापली. लोनरोट यांनी लोकगीतांतून सिद्ध केलेल्या १८३५ च्या 'कालेवाला'ने फिनिशला प्रतिष्ठा दिली. लिंगोची कथा मात्र मानवशास्त्राच्या परिशिष्टासारखी कपाटात राहिली. दोन्ही भाषांकडे महाकथा होती. आज्ञापत्र एकीच्याच वाट्याला आले.

गोंडीच्या बाजूने प्रयत्न झालेच नाहीत असे नव्हे. १९४३ मध्ये हैदराबाद संस्थानातील आदिलाबाद जिल्ह्यात, म्हणजे आपल्या सीमेपलीकडेच, मारलावाई येथे हायमेनडॉर्फ यांच्या पुढाकाराने गोंड शिक्षक तयार करण्याचे केंद्र उघडले आणि देवनागरीत गोंडी वाचनपुस्तके निघाली. सेतुमाधवराव पगडी यांनी तर प्रशासकीय सेवेत असताना ही भाषा शिकून तिचे व्याकरण लिहिले. २०११ च्या जनगणनेत गोंडीभाषकांची संख्या २९ लाख ८४ हजारांहून अधिक नोंदवली गेली, तरी ही भाषा आठव्या अनुसूचीबाहेरच आहे. २०१९ मध्ये धानोरा तालुक्यातील मोहगावच्या ग्रामसभेने गोंडी माध्यमाची शाळा स्वतःहून सुरू केली. त्या वर्गात 'अद' म्हटल्यावर कोणी हसत नाही. तेथे अडखळण्याची पाळी येते ती मराठीभाषक पाहुण्यावर.