सेनापती थोरात यांची दोन पदके

सोलापूर जिल्ह्यातील अक्कलकोट हे गाव स्वामी समर्थांच्या वास्तव्यामुळे सर्वतोमुखी झालेले आहे. यात्रेकरूंपैकी चौकस मंडळी दर्शन आटोपल्यावर भोसल्यांच्या राजवाड्यातील शस्त्रागारही पाहून येतात. तेथील तलवारी व बंदुका पाहून त्या घराण्याच्या क्षात्रतेजाविषयी आदर वाटणे साहजिक आहे. परंतु या घराण्याचा उगम ज्या प्रसंगात आहे, तो पाहणाऱ्यांच्या सहसा ध्यानात येत नाही. इ. स. १७०७ मध्ये शाहू महाराज मोगलांच्या छावणीतून स्वदेशी परतत असता पारद येथील पाटलाने त्यांस अडविले. चकमक झाली व पाटील पडला. तेव्हा त्याच्या विधवेने आपले लहान मूल महाराजांच्या स्वाधीन केले. महाराजांनी त्यास जवळ घेतले, पहिल्या विजयाची खूण म्हणून त्याचे नाव फत्तेसिंह ठेविले, आणि हाच मुलगा पुढे अक्कलकोटच्या राजघराण्याचा मूळ पुरुष झाला. म्हणजे या घराण्याच्या आरंभी एक विजय आहे आणि त्या विजयानंतर आवरलेला एक हातही आहे.

शस्त्र कपाटात मांडून ठेविता येते. ते केव्हा उपसावे आणि केव्हा म्यान करावे, हा विवेक मात्र सेनानींच्या चरित्रांतच शोधावा लागतो. आपल्या काळातील अशा चरित्रांत लेफ्टनंट जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात यांचे चरित्र मला विशेष बोधप्रद वाटते.

थोरातांचा जन्म १९०६ साली कोल्हापूरकडील वडगाव येथे झाला. इंग्लंडातील सँडहर्स्टच्या लष्करी विद्यालयातून १९२६ साली ते अधिकारी होऊन बाहेर पडले. त्या काळी हिंदी तरुणास राजाची सनद मिळाली, तरी वाटेल त्या पलटणीत त्याची नेमणूक होत नसे. १९२३ च्या योजनेप्रमाणे केवळ आठ पलटणी हिंदी अधिकाऱ्यांसाठी राखून ठेविल्या होत्या. हेतू हा की कोणा इंग्रज अधिकाऱ्यावर हिंदी वरिष्ठाच्या हाताखाली काम करण्याचा प्रसंग येऊ नये. त्यांपैकी चौदाव्या पंजाब रेजिमेंटच्या पहिल्या पलटणीत थोरात रुजू झाले. पुढे पाकिस्तानचे अध्यक्ष झालेले अयुबखान याच पलटणीतले. आझाद हिंद सेनेचा पहिला पाया घालणारे मोहनसिंग आणि तिचे नामांकित सेनानी शाहनवाजखान हेही येथलेच. एकाच शाळेत शिकलेल्या माणसांस काळाने किती भिन्न वाटांनी नेले, याचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

हिंदी अधिकारी शूर असतील, पण युद्धात पलटणीचे आधिपत्य करण्याची कुवत त्यांच्यात आहे काय, अशी शंका इंग्रज मुत्सद्दी व सेनाधिकारी वर्षानुवर्षे बोलून दाखवीत असत. तिचे उत्तर १९४५ च्या जानेवारीत ब्रह्मदेशाच्या आराकान किनाऱ्यावर कांगाव येथे मिळाले. जपानची चोपन्नावी डिव्हिजन दक्षिणेकडे माघार घेत होती आणि तिचा रस्ता कांगावपाशी अडवावयाचा होता. प्रदेश खाड्यांचा, चिखलाचा व खारफुटीच्या जंगलाचा. प्रथम इंग्रज कमांडो उतरले व त्यांनी एक टेकडी धरली. त्यांच्यामागून एकावन्नावी हिंदी ब्रिगेड आली. तिच्या तिन्ही पलटणींचे प्रमुख हिंदी होते : कुर्गचे थिमय्या, बंगालचे सेन आणि महाराष्ट्राचे थोरात. थोरातांकडे दुसऱ्या पंजाब रेजिमेंटची दुसरी पलटण होती. मेलरोज या नावाने नकाशावर नोंदलेली टेकडी जपानी सैनिकांनी खंदक खणून बळकट केलेली होती. ती संगिनींच्या हल्ल्याने घेण्याचे काम थोरातांच्या पलटणीने केले. पंजाबी जवान एका मराठी माणसाच्या हुकुमाने मरणाच्या तोंडात शिरले, यात त्यांस काही विपरीत वाटले नाही. विपरीत वाटत होते ते केवळ शंकेखोरांस. तिघाही हिंदी प्रमुखांस 'डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर' हे पदक मिळाले.

दुसरे पदक मिळाले ते याच्या अगदी उलट प्रकारच्या प्रसंगात. जुलै १९५३ मध्ये कोरियातील युद्ध थांबले, परंतु मायदेशी परत जाण्यास नकार देणाऱ्या बावीस हजारांहून अधिक चिनी व कोरियन कैद्यांचा प्रश्न उरला. त्यांच्या रखवालीसाठी हिंदी फौज पाठविण्यात आली. तिचे प्रमुख मेजर जनरल थोरात. आणि तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष त्यांचे कांगावचे जुने सोबती थिमय्या. काम मोठे अवघड होते. दक्षिण कोरियाच्या सरकारने आपल्या भूमीवर हिंदी शिपायास पाय ठेवू देण्याचे नाकारल्यामुळे सैन्यास हेलिकॉप्टरांतून तटस्थ पट्ट्यात उतरवावे लागले. उत्तरेस हिंदी लोक दक्षिणेचे पक्षपाती वाटत, आणि दक्षिणेस उत्तरेचे.

सप्टेंबर १९५३ मध्ये चिनी कैद्यांनी मेजर ग्रेवाल नामक हिंदी अधिकाऱ्यास आपल्या आवारात ओढून नेऊन डांबून ठेविले. गोळीबार केला असता तर कैदी शेकड्यांनी मेले असते, ग्रेवाल बहुधा वाचले नसते, आणि नुकताच झालेला युद्धविरामही धोक्यात आला असता. थोरात मोजक्या माणसांनिशी आवारात शिरले. भोवती क्षुब्ध जमाव, घोषणा चाललेल्या. अशा वेळी त्यांनी कैद्यांस त्यांच्याच देशाच्या आतिथ्याची आठवण दिली, आणि पाहुण्यास साधा चहादेखील कोणी विचारीत नाही, असा टोमणा मारला. टोमणा वर्मी लागला. चहा आला, सिगारेट आली. ज्याला आपण चहा दिला त्याच्या अंगावर धावून जाणे माणसास जड जाते. बोलणे सुरू झाले व ग्रेवाल सुटले. या कामगिरीबद्दल थोरातांस अशोकचक्राचा दुसरा वर्ग मिळाला. त्यासच १९६७ पासून कीर्तिचक्र म्हणतात.

याचा अर्थ तेथे शस्त्र मुळीच चालले नाही, असा मात्र नव्हे. ऑक्टोबरच्या आरंभी रखवालदारांस गोळ्या झाडाव्या लागल्या व काही कैदी मेले. परंतु गोळी हा शेवटचा उपाय आहे, हे ज्या सेनापतीस कळते, त्याच्या हातून ती झाडली गेली तरी आपण त्याच्या निर्णयावर विश्वास ठेवू शकतो.

या चरित्राचा तिसरा प्रसंग असा की त्याबद्दल पदक मिळाले नाही. उलट किंमत मोजावी लागली असेल. १९५७ ते १९६१ पर्यंत थोरात पूर्व विभागाचे सेनापती होते. ईशान्य सीमेवर चीनकडून धोका आहे, तेथील आपले सैन्यबळ अपुरे आहे, आणि सीमेवरच्या विखुरलेल्या चौक्यांऐवजी रसद पोहोचेल अशा मागील ओळीवर मुख्य लढाई द्यावी, असे त्यांनी १९५९ मध्ये वरिष्ठांस लेखी कळविले. मार्च १९६० मध्ये लखनौस 'लाल किल्ला' नावाची कवायत भरवून तेच पुन्हा मांडले. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांस ते पटले नाही. थिमय्यांच्या मागून सरसेनापती म्हणून थोरातांचे नाव सुचविले गेले होते. निवड मात्र थापर यांची झाली. १९६१ साली थोरात निवृत्त झाले आणि ऑक्टोबर १९६२ मध्ये चीनचे आक्रमण आले. पुढच्या महिन्यात से ला व बोमडिला पडले. थोरातांचे ऐकले असते तर विजय मिळाला असता, असे छातीठोकपणे सांगणे इतिहासाच्या अभ्यासकास शोभणार नाही. परंतु ज्याचे काम धोका पाहण्याचे, त्याने तो वेळीच पाहिला व वेळीच सांगितला, एवढे निर्विवाद आहे.

थोरात १९९२ साली निवर्तले. महाराष्ट्रात वीरपूजेस तोटा नाही. पण आपली पूजा बहुधा उपसलेल्या तलवारीची असते. टेकडीवर चढून जाणारे धैर्य, निःशस्त्र जमावासमोर हात आवरणारे धैर्य, आणि वरिष्ठांस अप्रिय सत्य सांगणारे धैर्य, ही तिन्ही एकाच माणसात नांदू शकतात हे थोरातांच्या चरित्रावरून कळते. त्यांतील पहिले मुलांच्या कथांत आपोआप येते. उरलेली दोन त्यांस मुद्दाम शिकवावी लागतात, आणि राष्ट्राच्या भवितव्याच्या दृष्टीने त्यांचीच उणीव अधिक महाग पडते.