परक्या यंत्राकडून करून घेतलेले गुप्त गणित

#थ्रेड

१/ धुळे–सोलापूर महामार्गावर मांजरसुंबा चौकात थांबलेला प्रवासी पेट्रोलचे पैसे देण्यासाठी बँकेचे कार्ड यंत्रात घालतो. कार्डातील चिपला स्वतःची बॅटरी नसते. वीज ती त्याच परक्या यंत्राकडून घेते. मग अवघड गुप्त आकडेमोडही त्याच यंत्रावर सोपवली तर? या प्रश्नाचा इतिहास उद्बोधक आहे.

२/ १९७७ मध्ये आरएसए ही कूटपद्धती जन्मली. तिच्यात सही करायची तर प्रचंड संख्यांचे घात काढावे लागतात. १९८०च्या दशकातील दुबळ्या चिपला हे ओझे पेलवणारे नव्हते.

३/ १९८८ च्या ‘क्रिप्टो’ परिषदेत त्सुतोमू मात्सुमोतो, कोकी कातो व हिदेकी इमाई या जपानी संशोधकांनी तोड सुचवली. कार्डाने यंत्राला अनेक घातांक द्यावेत, यंत्राने प्रत्येकाचे उत्तर काढावे. त्यांतील कोणती उत्तरे एकत्र गुणायची, हे गुपित मात्र कार्डाकडेच राहावे.

४/ काळ्या मसाल्याचे उदाहरण घ्या. सर्व जिन्नस वेगवेगळ्या पुड्यांत कांडपवाल्याकडे द्यायचे. कोणत्या पुड्या मसाल्यात जाणार आणि कोणत्या केवळ चकवा, हे घरच्यांनाच ठाऊक.

५/ पण कांडपवाल्याने एका पुडीत मुद्दाम मीठ मिसळले आणि नंतर आमटी चाखली तर? ती पुडी वापरली की नाही, हे त्याला कळेल! १९९२ मध्ये रॉस अँडरसन, तसेच बिर्गिट फिट्झमान व मायकेल वाइडनर यांनी अशा योजनांवरील हल्ले दाखवून दिले. यंत्राने चुकीचे उत्तर द्यायचे आणि कार्डाच्या सहीवर त्याचा परिणाम पाहायचा. गुप्त किल्ली हळूहळू उघडी पडते.

६/ सही पडताळूनच बाहेर द्यावी, हा उपाय उघड होता. परंतु कार्डाने सही नाकारली, तरी त्या नकारातूनही एक संकेत मिळतोच.

७/ २००५ मध्ये सुसान होहेनबर्गर व ॲना लिस्यान्स्काया यांनी या समस्येची काटेकोर व्याख्या केली: काम सोपवताना गुपित झाकले पाहिजे आणि उत्तरातील लबाडीही पकडता आली पाहिजे. त्यांच्या योजनेत परस्परांशी संपर्क नसलेल्या दोन यंत्रणांना खऱ्या प्रश्नांत चाचणीचे प्रश्न मिसळून विचारले जातात.

८/ दरम्यान चिपमध्येच गणिताचा स्वतंत्र सहप्रक्रियक आला आणि कार्ड स्वावलंबी झाले. भारतात रिझर्व्ह बँकेने चुंबकीय पट्टीच्या कार्डांऐवजी चिपची कार्डे देण्यासाठी ३१ डिसेंबर २०१८ ही मुदत घातली होती. तरीही मूळ प्रश्न संपलेला नाही. लहानसे संवेदक आणि दूरचे सर्व्हर यांच्यात तो आजही उभा आहे.

९/ श्रम परक्यावर सोपवता येतात; पडताळणी मात्र स्वतःकडेच ठेवावी लागते.